न खेळलेला बोर्ड, चुकलेला बोर्ड: क्लबातल्या डुप्लिकेट ब्रिजचे गुण कसे लावायचे

क्लबात काही महिने नियमित डुप्लिकेट ब्रिज (तेच डाव वेगवेगळ्या टेबलांवर खेळून निकालांची तुलना करायची) खेळलात की एखाद्या संध्याकाळी विचारणा होतेच, "आज स्कोअरिंगला बसाल का?" हो म्हणा. साधे बोर्ड (चार खिशांच्या पेटीतून टेबलाटेबलावर फिरणारा एकेक डाव) कुणालाही लवकर जमतात. चार इस्पिक बोलले, दहा हात झाले, नॉन-व्हल्नरेबल (त्या जोडीला बोर्डावर वाढीव बक्षीस-दंडाची खूण नाही), म्हणजे ४२०. अडायला होतं ते शेवटी, तक्त्यातला एखादा चौकोन रिकामा राहिला की. किंवा चौकोन भरलेला असतो, पण टेबलावरून कुणीतरी येऊन सांगतं की पानं इकडची तिकडे गेली होती, बोर्ड फिरला होता, नंबरच चुकला होता. तोवर सगळ्यांचा चहा झालेला असतो, मंडळी निकालाची वाट बघत उभी असतात आणि घाईत कुठलातरी आकडा टाकला जातो. त्या एका आकड्यानं पहिला-दुसरा नंबर बदलू शकतो.

हा लेख तेवढ्याचसाठी आहे. नाशिकमध्ये आमच्या टेबलांवर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, ओझरचे आहेत आणि आता कॉलेज रोडची मुलंही येऊ लागली आहेत. पुढे स्कोअरिंग त्यांनाच करायचं आहे.

सगळी उदाहरणं एकाच बैठकीची घेतो, म्हणजे आकडे मनात राहतील: ७ टेबलं, १४ जोड्या, मिचेल पद्धत (नॉर्थ-साऊथ जोड्या जागेवर, ईस्ट-वेस्ट दर फेरीला पुढच्या टेबलावर, बोर्ड मागच्या टेबलावर), ७ फेऱ्या, दर फेरीला ३ बोर्ड, एकूण २१ बोर्ड. प्रत्येक बोर्ड ७ वेळा खेळला जातो. आपल्यापेक्षा कमी मिळवणाऱ्या प्रत्येक जोडीमागे २ गुण, बरोबरीला १. समोर तुलनेला ६ निकाल, म्हणून टॉप, म्हणजे सर्वात जास्त गुण, १२ आणि अ‍ॅव्हरेज ६.

जवळ काय हवं

- २०१७ची डुप्लिकेट ब्रिजची नियमावली. छापील असो वा फोनवर, नियम ७, १२, १३, १५, १६, ७९, ८७ आणि ९० या पानांना खुणा करून ठेवा.
- त्या दिवसाचं मूव्हमेंटचं कार्ड: कुठल्या फेरीत कुठल्या टेबलावर कोण आणि कुठले बोर्ड.
- डावांचा छापील तक्ता. डाव हातानं वाटले असतील तर बोर्डाच्या प्रत्येक खिशात तिथल्या पानांची चिठ्ठी.
- ट्रॅव्हलर (बोर्डासोबत फिरणारा निकालांचा कागद) किंवा फेरीच्या चिठ्ठ्या. टेबलावर स्कोअरिंगची यंत्रं असली तरी कागद ठेवाच.
- साधा कॅल्क्युलेटर आणि घटना लिहायला एक वेगळी वही.

ही वही सगळ्यात महत्त्वाची. का, ते दुसऱ्या पायरीत येईल.

१. आधी ठरवा: शून्य, कोरं की अ‍ॅव्हरेज?

रिकाम्या दिसणाऱ्या चौकोनाचे तीन वेगळे अर्थ असतात. ते एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पहिला अर्थ, चौघांनीही पास दिला. हा बोर्ड खेळलेला आहे. निकाल ०, आणि हा ० इतर निकालांशी नेहमीसारखाच तोलायचा. बाकी टेबलांवर नॉर्थ-साऊथ बुडाले असतील तर पासवाल्या नॉर्थ-साऊथला टॉपही मिळू शकतो. अशा बोर्डाला "खेळला नाही" म्हणून अ‍ॅव्हरेज देणं ही नव्या स्कोअररकडून सर्रास होणारी चूक आहे. डाव पुन्हा वाटायचाही नसतो. पानं खिशात परत जातात आणि चिठ्ठीवर "पास" लिहिलं जातं. कोरी चिठ्ठी आली तर टेबलावर जाऊन विचारा.

दुसरा अर्थ, त्या जोडीनं तो बोर्ड खेळायचाच नव्हता. १३ जोड्या आल्या तर दर फेरीला एक जोडी बसून राहते. तिला ते ३ बोर्ड कोरेच. तिथे अ‍ॅव्हरेज लावू नका, तिची टक्केवारी १८ बोर्डांवर काढा. अशा दिवशी प्रत्येक बोर्ड ६ वेळाच खेळला जातो, म्हणून टॉप सगळ्यांना सारखाच, १०. पावसाळ्यात वीज जाते, बैठक लांबते आणि डायरेक्टर (खेळाचे पंच) शेवटची फेरी सगळ्यांसाठी रद्द करतात, तेव्हाही हेच लागू. रद्द फेरीचे बोर्ड कुणाच्याच वाट्याला नव्हते, त्याबद्दल कुणाला काही द्यायचं नाही आणि कुणाकडून काही काढायचं नाही.

तिसरा अर्थ, बोर्ड त्या दोन जोड्यांच्या वाट्याला होता, पण निकाल लागला नाही. तिसऱ्या पायरीतल्या ४०, ५०, ६० टक्क्यांचा प्रश्न फक्त इथे येतो.

सॉफ्टवेअरमध्ये या तिन्हींसाठी वेगळ्या खुणा असतात. बसण्याआधी त्या कुठल्या ते जुन्या स्कोअररकडून बघून घ्या.

२. काय झालं ते तिथेच लिहून घ्या

गडबड झाली की पहिली हाक डायरेक्टरला. छोट्या क्लबात डायरेक्टर स्वतःही खेळत असतात आणि त्यांना उठवायला नव्या माणसाला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. कुणीतरी चूक दाखवली की डायरेक्टरला बोलवायचं, असं नियमच सांगतो. टेबलावर आपापसात मिटवलेली चूक नंतर तुमच्या तक्त्यात गाठ होऊन येते.

वहीत एवढं लिहा: फेरी, टेबल, बोर्ड, दोन्ही जोड्यांचे नंबर, काय झालं, कधी लक्षात आलं (बोलीआधी, बोलीत, खेळात की नंतर) आणि डायरेक्टर काय म्हणाले. वेळ घड्याळात पाहून टाका. तासाभरानं "आम्ही उशिरा नव्हतो, बोर्डच उशिरा आले" असं कुणी म्हटलं तर उत्तर वहीत सापडलं पाहिजे. कोणाची चूक किती, यावर गुण ठरतात. ते आठवणीवर सोडलं की ज्याचा आवाज मोठा त्याला ६० मिळतात.

चूक किती हे ठरवणं डायरेक्टरचं काम, तो निर्णय आकड्यांत नीट उतरवणं तुमचं. दोन्ही टोप्या तुमच्याच डोक्यावर असतील तर आधी निर्णय लिहा, मग आकडा.

इथला नेहमीचा सापळा फार प्रेमानं येतो. फेरी संपलेली असते, तिसरा बोर्ड राहिलेला असतो आणि टेबलावरून हाक येते, "अहो, यात काय, तीन नोट्रम्प सरळ होतं. आम्ही ४०० लिहितो, काकांचीही हरकत नाही." हरकत नियमाची आहे. न खेळलेल्या बोर्डाचा निकाल संगनमतानं लिहिता येत नाही. हा ४०० बाकी ६ टेबलांच्या निकालाशी तोलला जाणार, म्हणजे तिथे नसलेल्या १२ जोड्यांच्या गुणांवर त्याचा परिणाम होणार. नम्रपणे, पण ठाम नकार द्या.

३. बोर्ड खेळलाच गेला नाही: ४०, ५०, ६०

नियम १२ सांगतो की गडबडीमुळे निकालच लागू शकला नाही, तर जबाबदारीप्रमाणे कृत्रिम गुण द्यायचे:

- सरळ चूक असलेल्या जोडीला अ‍ॅव्हरेज मायनस, जास्तीत जास्त ४० टक्के
- अंशतः चूक असलेल्या जोडीला अ‍ॅव्हरेज, ५० टक्के
- काहीही चूक नसलेल्या जोडीला अ‍ॅव्हरेज प्लस, किमान ६० टक्के

आपल्या १२च्या टॉपवर हे ४.८, ६ आणि ७.२ होतात.

दोन्ही जोड्यांचा निर्णय वेगवेगळा घ्यायचा. बेरीज १०० यायलाच हवी असं नाही, आणि नवे लोक नेमके इथेच अडखळतात. डायरेक्टरनं मूव्हमेंट चुकीची लावली म्हणून बोर्ड राहिला, तर दोघांनाही ६०. आधीच्या टेबलानं बोर्ड बिघडवून पाठवला आणि आता तो खेळता येत नाही, तरी या टेबलावरच्या दोघांनाही ६०. दोन्ही जोड्या मिळून गप्पांत रमल्या असतील तर दोघांना ५०, किंवा डायरेक्टरना वाटलं तर दोघांना ४०.

उशिरा येणाऱ्यांचं बघू. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलेली जोडी पहिल्या फेरीला पोचत नाही. त्यांची अडचण खरी असते, पण समोरची जोडी वेळेवर येऊन बसलेली असते आणि तिचे ३ बोर्ड जातात. बसलेल्यांना ६०, उशिरा आलेल्यांना ४०. माणूस कितीही जवळचा असला तरी इथे सवलत देऊ नये असं माझं मत आहे, कारण ती सवलत दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जाते. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. त्या दिवशी खेळ उशिरा सुरू होईल असं आधीच जाहीर करणं हा खरा उपाय.

संथ खेळात जबाबदारी ठरवणं सगळ्यात कठीण. एका बोर्डाला साधारण ७ मिनिटं धरतात. तिसऱ्या बोर्डाला हात लावायच्या आतच वेळ संपली तर डायरेक्टर तो काढून घेऊ शकतात. बोली सुरू झालेली असेल तर सहसा डाव पूर्ण करू देतात. कोणत्या बोर्डावर कोण किती वेळ विचार करत बसलं होतं ते चालता चालता पाहून वहीत टिपलंत, तर ५०-५०चा आळशी निर्णय टळतो.

मग ती बारीक तरतूद, जी पुष्कळ क्लबांत विसरली जाते. निर्दोष जोडीची त्या बैठकीतली इतर बोर्डांवरची टक्केवारी ६०च्या वर असेल, तर तिला या बोर्डावरही तीच टक्केवारी द्यायची. बाकी बोर्डांवर ६४ टक्के मिळवणाऱ्या जोडीला ७.२ देऊ नका, ७.६८ द्या. उलट बाजूलाही तसंच: दोषी जोडी बाकी बोर्डांवर ३६ टक्क्यांवर असेल तर तिला ४० मिळत नाहीत, ३६च मिळतात, म्हणजे ४.३२. कारण सरळ आहे. कुणाच्या तरी चुकीमुळे चांगल्या जोडीची सरासरी खाली येऊ नये आणि स्वतःच्या चुकीमुळे कुणाची सरासरी वर जाऊ नये. म्हणून हे आकडे सगळ्यात शेवटी, बाकी तक्ता पूर्ण झाल्यावरच लावता येतात. एकाच जोडीचे एकाच बैठकीत बरेच बोर्ड गेले तर पुढच्या बोर्डांसाठी वेगळे गुण ठरवायची मुभा नियमानं आयोजकांना दिली आहे. क्लबाचा तसा ठराव असेल तर तो विचारून घ्या.

डायरेक्टरनी राहिलेला बोर्ड शेवटी खेळायला सांगितला असेल, तर तिथे "नंतर" अशी खूण करा, अ‍ॅव्हरेज नको. नाहीतर अ‍ॅव्हरेजही राहतो आणि खेळलेला निकालही येतो. आणि तो बोर्ड खेळून होईपर्यंत डावांचा तक्ता भिंतीवर लावू नका, चहाच्या टेबलावर त्या डावाची चर्चाही होऊ देऊ नका.

४. बाकी ६ टेबलांचं काय: न्यूबर्गचा हिशेब

रिकाम्या चौकोनाला कृत्रिम गुण दिले तरी काम संपत नाही. त्या बोर्डावर आता ६च खरे निकाल आहेत, बाकी बोर्डांवर ७. सहा निकालांचा टॉप १०, बाकीकडे १२. १०ला सरळ १२ करून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ते बरोबर नाही. ६ जणांत पहिलं येणं हे ७ जणांत पहिलं येण्याएवढं अवघड नसतं. सातव्या टेबलावर डाव झाला असता तर कुणी तुमची बरोबरी केली असती, कदाचित वर गेलं असतं. ती शक्यता जमेस धरणारं सूत्र फ्रान्सच्या न्यूबर्ग यांच्या नावानं ओळखलं जातं.

सूत्र असं: मिळालेल्या गुणांत १ मिळवा, त्याला अपेक्षित निकालांच्या संख्येनं गुणा, प्रत्यक्ष निकालांच्या संख्येनं भागा आणि १ वजा करा.

बोर्ड ५ घेऊ. नॉर्थ-साऊथ व्हल्नरेबल. ६ टेबलांवर नॉर्थ-साऊथचे निकाल: ६५०, ६२०, ६२०, ६२०, १७० आणि उणे १००. सहा जणांतले गुण अनुक्रमे १०, ६, ६, ६, २, ०. आता सूत्र लावा:

- १० चे: ११ गुणिले ७ भागिले ६, वजा १ = ११.८३
- ६ चे: ७ गुणिले ७ भागिले ६, वजा १ = ७.१७
- २ चे: ३ गुणिले ७ भागिले ६, वजा १ = २.५
- ० चे: १ गुणिले ७ भागिले ६, वजा १ = ०.१७

टॉप १२ला पोचत नाही आणि बॉटमही ०वर बसत नाही. पडताळा म्हणून बेरीज करा: ११.८३, तीनदा ७.१७, २.५ आणि ०.१७ मिळून ३६ येतात, म्हणजे ६ निकालांचा अ‍ॅव्हरेज बरोबर ६. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

सातव्या टेबलावर नॉर्थ-साऊथ वाट बघत होते आणि ईस्ट-वेस्ट उशिरा आले. त्यांना ७.२ आणि ४.८ द्या. हे टक्के १२चे आहेत, १०चे नाहीत. आणि ७.२ हा काही ब्रिजचा निकाल नाही, त्यामुळे बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची नाही.

तुमच्या क्लबात बरोबरीला अर्धा आणि वर असल्यास १ असे गुण देत असतील, तर सूत्रातल्या दोन्ही १ च्या जागी अर्धा घ्या. कागदावर हिशेब करणारे इथे हमखास घसरतात. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण सेटिंगच्या पानावर न्यूबर्ग चालू आहे की नाही ते एकदा तपासा.

५. चुकीचा बोर्ड, चुकीची दिशा

पहिली फेरी. ४ नंबर टेबलावर १०, ११, १२ खेळायचे. तिसऱ्या वेळी कुणीतरी शेजारून चुकून आलेला १३ नंबर उचलला आणि सगळ्यांनी खेळला. चौघांपैकी कुणीच तो आधी खेळलेला नसेल तर निकाल सहसा कायम राहतो, आणि राहिलेला १२ त्याच दोन जोड्यांना नंतर खेळायला लावता येतो.

पण एवढ्यावर थांबू नका. ही चूक पुढे दोनदा डोकं वर काढते. दुसऱ्या फेरीत ४ नंबर टेबलावर १३, १४, १५ येतात. तिथल्या नॉर्थ-साऊथनी १३ खेळलेला आहे, समोर मात्र नवी जोडी आहे. पाचव्या फेरीत पहिल्या फेरीतले ते ईस्ट-वेस्ट १ नंबर टेबलावर १३ नंबरासमोर बसतात, तिथले नॉर्थ-साऊथ नवे. दोन्ही ठिकाणी बोर्ड खेळता येणार नाही. नव्या जोडीची काहीच चूक नाही, तिला ६०. चूक करणाऱ्या जोडीला ४०. म्हणून चुकीचा बोर्ड खेळल्याचं कळताच मूव्हमेंटचं कार्ड काढा, पुढे कुठे अडेल ते शोधा आणि त्या दोन्ही टेबलांना आधीच सांगून ठेवा.

कुणी आधी खेळलेला बोर्ड पुन्हा खेळला, तर दुसरा निकाल दोन्ही बाजूंसाठी रद्द होतो आणि ज्यांची खरी संधी हुकली त्यांना कृत्रिम गुण मिळतात. हे एकदम सगळ्या टेबलांवर झालं तर खेळाडूंना दोष देऊ नका, टेबलं मोजा. ८ टेबलांच्या मिचेलमध्ये ४ फेऱ्यांनंतर ईस्ट-वेस्टनी एक टेबल सोडून पुढे जायचं असतं. ते विसरलं की पाचव्या फेरीत प्रत्येक ईस्ट-वेस्ट जोडीसमोर पहिल्या फेरीतले तेच बोर्ड येतात. टेबलं सम असली की टेबलांच्या निम्म्याइतक्या फेऱ्या संपताना मोठ्यानं सांगायची सवय लावा.

दिशेच्या चुका दोन प्रकारच्या. एक नुसती लिहिण्यातली: साऊथनं ४ बदाम केले आणि ४२० ईस्ट-वेस्टच्या रकान्यात गेले. डाव नीट झाला, नोंद चुकली, फक्त नोंद सुधारायची. दुसरी खरी: बोर्ड टेबलावर फिरला आणि नॉर्थची पानं ईस्टनं उचलली. डाव झाला, पण जोड्या उलट्या पानांवर खेळल्या. कुठल्या जोडीनं कुठली पानं धरली ते लिहून घ्या आणि आकड्याला हात लावण्याआधी डायरेक्टरकडे न्या. सॉफ्टवेअरमध्ये त्या एका निकालाची दिशा फिरवता येते, पण ती फिरवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं.

६. पानं सरकली: फाउल बोर्ड

नियम ७ प्रमाणे प्रत्येकानं पानं उचलली की उपडी मोजायची, १३ भरली की मगच बघायची. मोजण्यानं १४-१२ पकडलं जातं. बोलीआधी लक्षात आलं तर डायरेक्टर तक्त्यावरून पानं जागेवर नेतात आणि कुणी दुसऱ्याचं पान पाहिलं नसेल तर डाव नेहमीसारखा सुरू होतो. डाव पूर्ण खेळून झाल्यावर कळलं की एकाकडे १४ आणि दुसऱ्याकडे १२ होती, तर तो निकाल रद्दच होतो.

मोजण्यानं न सापडणारी चूक जास्त त्रासाची. कुणीतरी डाव संपल्यावर "राणी टाकली असती तर" असं म्हणत चौघांची पानं टेबलावर पसरली आणि परत भरताना साऊथची इस्पिक राणी वेस्टच्या खिशात गेली, वेस्टची इस्पिक सत्ती साऊथकडे. दोघांकडे १३च. पुढची टेबलं आनंदानं वेगळाच डाव खेळत राहतात. शेवटी छापील तक्ता वाटल्यावर कुणीतरी म्हणतं, "माझ्याकडे राणी होती हो."

इथे ६०-४० लावायचे नाहीत. सगळ्यांनी डाव खेळला, निकाल लागले. नियम ८७ सांगतो तसं करा: कुठले निकाल मूळ रूपात आणि कुठले बदललेल्या रूपात, ते जमेल तितकं नक्की ठरवा, दोन गट करा आणि प्रत्येक गटाचे गुण वेगळे लावा.

समजा बोर्ड ११ पहिल्या ३ फेऱ्यांत मूळ रूपात आणि पुढच्या ४ फेऱ्यांत बदललेला होता. फेऱ्यांचा क्रम ट्रॅव्हलरवर दिसतोच. बदल नेमका कधी झाला ते कळण्यासाठी प्रत्येक फेरीच्या साऊथला वेगळं गाठून विचारा, "राणी होती का तुमच्याकडे?" सगळ्यांना एकत्र विचारलंत तर एकाचं उत्तर दुसऱ्याला आठवू लागतं. चौघांच्या गटात बरोबरी नसेल तर गुण ६, ४, २, ०. न्यूबर्ग लावून ७ गुणिले ७ भागिले ४, वजा १, म्हणजे ११.२५, आणि त्याच रीतीनं ७.७५, ४.२५, ०.७५. तिघांच्या गटात ४, २, ० चे १०.६७, ६ आणि १.३३ होतात. गट इतका छोटा असला की काही स्पर्धांत वेगळे ठरावीक टक्के देतात, म्हणून क्लबाबाहेरच्या स्पर्धेत आधी तिथले नियम वाचा.

ज्या टेबलानं पानं बिघडवली त्यांना नियम ९० खाली दंड करता येतो. दंड त्यांच्या एकूण गुणांतून वजा होतो, बोर्डाच्या गुणांत मिसळायचा नाही. नव्यांना पहिल्या वेळी समज पुरते. दंडापेक्षा सवय महत्त्वाची: आपली पानं आपणच पिसून आपल्याच खिशात ठेवायची, दुसऱ्याच्या पानांना हात नाही.

७. ऐकू आलं, दिसलं

शेजारच्या टेबलावरून "सहा बदाम बसलं की!" असं कानावर आलं आणि तोच बोर्ड पुढे तुमच्याकडे यायचा आहे. ज्यानं ऐकलं त्यानं लगेच, पण टेबलाला न सांगता डायरेक्टरला सांगायचं. नियम १६ त्यांना पर्याय देतो: बसायच्या जागा बदलणं, डाव होऊ देऊन नंतर गरज पडल्यास गुण बदलणं, किंवा बोर्ड रद्द करणं. रद्द झाला तर प्रामाणिकपणे सांगणारी जोडी निर्दोषच असते, तिला ६०. समोरच्यांनाही ६०. हे निर्णय उदार वाटतात, पण त्यामुळेच लोक पुढच्या वेळी खरं सांगतात.

रंग असून न देणं, पाळी नसताना उतारी करणं, याही चुकाच. पण त्यांची भरपाई नियमात वेगळी लिहिलेली आहे आणि डाव पुढे जाऊन निकाल लागतो. तिथे अ‍ॅव्हरेजचा संबंध नाही.

सांघिक सामन्यात, जिथे आयएमपीवर (इंटरनॅशनल मॅच पॉइंट्स, दोन टेबलांच्या निकालांतल्या फरकावरून) गुण असतात, अ‍ॅव्हरेज प्लस म्हणजे साधारण अधिक ३ आणि मायनस म्हणजे उणे ३. एका टेबलावर निकाल लागलेला असेल तर नियम ८६ बघा. नव्या स्कोअररनं तो निर्णय एकट्यानं घेऊ नये.

८. निकाल लावल्यावर

निकाल भिंतीवर किंवा ग्रुपवर टाकला की वेळ लिहा. आयोजकांनी दुसरं काही ठरवलं नसेल तर नोंदीच्या चुका दुरुस्त करायची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं असते. पंचवटी, सिडको, नाशिकरोडला परतणारी मंडळी घाईत असतात, म्हणून ज्या बोर्डांवर कृत्रिम गुण लागलेत ते वाचून दाखवा: बोर्ड, जोड्या, टक्के आणि एका वाक्यात कारण. चुकीची नोंद दाखवायला कुणी आलं तर दोन्ही बाजूंना विचारूनच बदला, आणि जुना आकडा खोडून न टाकता बाजूला नवा लिहा.

चिठ्ठ्या आणि घटनांची वही पुढच्या बैठकीपर्यंत जपून ठेवा. पुढच्या वेळी स्कोअरिंगला बसणाऱ्याला वहीतलं कालचं पान आधी वाचायला द्या, त्याच टेबलांवर त्याच गोष्टी पुन्हा घडतात.